कंडेम नव्हे, सिक

तात्यांच्या हातात पेढ्यांचा डबा दिसला की धारवाडात नवीन आलेला माणूस नकळत हात पुढे करतो. "नातू झाला वाटतं?" असं विचारणारेही भेटतात. तात्या गंभीरपणे डब्याचा दोरा सोडतात, झाकण काढतात, जुन्या धोतराची घडी उलगडतात आणि आतून निघते छोट्या शब्दकोशाएवढी एक लोखंडी पेटी. पुढून काळं प्लॅस्टिकचं तोंड, तोंडाला आडवी फट, फटीवर एक खिट्टी. पुढे आलेला हात मागे जातो. तात्यांचा चेहरा मात्र पेढा दिल्यासारखाच. "सव्वापाच इंची. एक पॉइंट दोन मेगाबाइट. हे काम करणारा कुणी ठाऊक आहे काय तुम्हाला?"

हा फ्लॉपी ड्राइव्ह. पेन ड्राइव्हनंतर जन्मलेल्यांसाठी सांगतो: फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटात कायमची कोंडलेली पातळ, गोल चकती. टेपच्या फितीवर असतो तसाच चुंबकी लेप हिच्यावर. ड्राइव्ह ही चकती मिनिटाला ३६० वेळा फिरवतो आणि वरून-खालून एकेक हेड टेकवून तिच्यावरचं वाचतो. लाईन बझारच्या किलोभर पेढ्यांच्या डब्यात हा ड्राइव्ह बरोब्बर बसतो, हा शोध तात्यांचा. डबा रिकामा करायला त्यांनी आम्हा शेजाऱ्यांची मदत घेतली होती, एवढंच या प्रकरणातलं आमचं निखळ सुख.

तात्या हे त्यांचं नाव नव्हे. नाव आमच्या माळमड्डीत पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नाही. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांची छत्तीस वर्षं गेली. (सरकारनं २०१४ साली गावाचं हुब्बळ्ळी केलं, पण आमच्या तोंडी हुबळीच. तात्यांचे वडील वर्कशॉपला 'एमएसएम' म्हणत, म्हणून तात्याही म्हणतात. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे बंद होऊन सत्तर वर्षं उलटली, हे त्यांना मान्य आहे, पण लागू नाही.) २००३ साली दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय हुबळीत आलं आणि २००५ साली तात्या बाहेर पडले. मुख्यालय आल्यापासून कागद फार वाढले, म्हणून सोडलं, असं ते सांगतात. त्या साली त्यांना साठ पूर्ण झाली हा तपशील काकू पुरवतात.

वर्कशॉप सुटलं तरी पीओएच सुटलं नाही. रेल्वेचा डबा ठरावीक महिने धावला की 'पिरिऑडिकल ओव्हरहॉल'ला वर्कशॉपात येतो. बोगी खालून काढतात, चाकं, स्प्रिंगा, ब्रेक सुटे करतात, तपासतात, जोडतात, रंगवतात आणि डब्याच्या अंगावर पीओएचची तारीख घालून त्याला परत लावून देतात. तात्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर अशी तारीख आहे. पंख्याच्या पात्यावर आहे, मिक्सरच्या बुडाला आहे, छत्रीच्या मुठीवर आहे. देवघरातल्या घंटेच्या आतल्या बाजूला आहे. "माझ्या पाठीवर घातली नाही हेच नशीब," काकू म्हणतात. त्यावर तात्या म्हणाले होते, "तुला पीओएच लागलंच नाही की कधी." लग्नाला पन्नास वर्षं झाल्यावर नवऱ्याकडून मिळालेली ही पहिली स्तुती, असं काकूंनी आमच्या घरी येऊन सांगितलं.

तात्यांचा दुसरा सिद्धांत जास्त महत्त्वाचा. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला दोनच गती. एक सिक: तसं लेबल लावून त्याला सिक लाईनवर उभं करायचं, फिटर येतात, बरा करून सोडतात. दुसरी कंडेम. पण कंडेम करणं कुणा एकाच्या हातात नसतं. तपासणी होते, कागद होतात, सह्या होतात, मग डबा भंगारात. "आणि इथं?" तात्या विचारतात. "दुकानातला पोरगा मोबाईलवरची नजर न काढता कंडेम करतो. कमिटी नाही, सही नाही. उघडून बघा की आधी!"

'उघडून बघा की' हे त्यांचं पालुपद. डॉक्टरलाही ते असंच म्हणाले होते.

आता या ड्राइव्हचं प्रकरण. तात्यांच्या घराण्याचा एक कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुष सातारा भागातून निघाला आणि धारवाडात येऊन टेकला. तो का निघाला हे अकरा पिढ्यांत कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे कुणाचं तरी देणं असावं असा माझा तर्क. पण कुलवृत्तांतात 'भाग्याच्या शोधात' असं आहे. तात्यांनी १९९३ साली हे काम अंगावर घेतलं. टंकलेखनाचा क्लास बंद करणाऱ्या एका गृहस्थाकडून जुना संगणक घेतला, त्यात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून घेतलं. तेव्हाच्या काळ्या पडद्याच्या डॉसमध्ये देवनागरी अक्षर उमटवायचं तर हे कार्ड लागे. रोज रात्री जेवण झाल्यावर तात्या बसत आणि पणजोबा-खापरपणजोबांना एकेक बोटानं टंकत.

शाखा सात, फ्लॉप्याही सात. अख्खा कुलवृत्तांत एका फ्लॉपीत मावला असता आणि वर पंचांगाला जागा उरली असती. पण तात्यांनी वाटण्या केल्यासारखी एकेका शाखेला एकेक फ्लॉपी दिली. "उद्या भांडणं नकोत."

भांडण झालंच. १९९४ साली पुस्तक छापून आलं, समारंभ झाला, जेवणाला जिलबी होती. पंगतीत पान चाळता चाळता गदगच्या चुलतभावानं स्वतःची नोंद काढली. जन्म बरोबर, शिक्षण बरोबर, विवाह बरोबर, आणि पुढे एकच शब्द: निपुत्रिक. त्या क्षणी त्यांचा थोरला मुलगा त्यांच्याच पानात जिलबी वाढत होता. धाकटे दोघे मठ्ठा घेऊन मागे उभे होते.

गदगचे बंधू पानावरून उठले ते आजतागायत धारवाडला आलेले नाहीत. तात्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की चूक छापखान्याची. छापखाना म्हणाला, तुम्ही दिलं तेच छापलं. ही गोष्ट मिटवायला पुरावा एकच, पाचव्या क्रमांकाची फ्लॉपी. आणि ती वाचणारा ड्राइव्ह त्याच पावसाळ्यात बसला. पुढे २००४ साली मुलानं तो संगणक भंगारवाल्याला दिला. तात्या सायकलवरून भंगारवाल्याच्या मागे जुबिली सर्कलपर्यंत गेले आणि ड्राइव्ह तेवढा सोडवून आणला. तेव्हापासून तो सिक लाईनवर, म्हणजे कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात.

दुसऱ्या कुणाचा चालू ड्राइव्ह आणून का वाचत नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. फ्लॉपीवर एका बाजूला ऐंशी गोल रुळ असतात, हेड त्या रुळांवर नेमकं आलं पाहिजे. एखाद्या ड्राइव्हचं हेड जन्मतःच किंचित सरकलेलं असलं तर तो लिहितोही सरकून, आणि त्याचं लिहिलेलं मग त्यालाच लागतं. "डॉक्टरचं अक्षर औषधवाल्याला लागतं, तुला लागतं काय?" मी पुढे काही विचारलं नाही. गंमत म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. तात्यांशी वाद घालताना हीच पंचाईत होते. ते नव्वद टक्के बरोबर असतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर आपल्याला दिवसभर हिंडवतात.

हिंडणं गेल्या वर्षी सुरू झालं. गदगच्या बंधूंना ऐंशी लागलं अशी बातमी आली. "तो जाण्याआधी दुसरी आवृत्ती निघाली पाहिजे," तात्या म्हणाले. तात्या स्वतः त्याच वयाचे, पण ते पीओएच करून घेतलेले. मी सोबतीला. माझी नेमणूक 'हमाल व साक्षीदार' अशी झाली.

माळमड्डीतून निघून चिगरी बस धरायची आणि वीस-बावीस किलोमीटरवर हुबळीत उतरायचं, असा कार्यक्रम. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. तात्या खिडकीशी, डबा मांडीवर. उणकल तळं आलं की धारवाडचा पाऊस थांबतो आणि हुबळीचं ऊन लागतं, असं धारवाडकर मानतात. तात्या तिथं डब्याचं झाकण किंचित उघडत, ड्राइव्हला कोरडी हवा लागावी म्हणून. शेजारचे प्रवासी आशेनं बघत.

पहिलं दुकान कोप्पीकर रोडच्या मागल्या गल्लीतलं. मुलगा विशीतला. त्यानं डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "अज्जा, इदु सत्तदरी." आजोबा, हे मेलंय.

"उघडून बघितलंस काय?" तात्यांनी कानडीत विचारलं.

उघडायला कशाला पाहिजे, दिसतंयच की, असं त्याचं म्हणणं.

"नाडी न बघता सर्टिफिकेट देतोय की हो हा!" तात्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. तात्यांचा व्यवहार कानडीत, हिशेब रेल्वेच्या इंग्रजीत आणि राग मराठीत.

मुलगा वाईट नव्हता. त्यानं काचेखालून आगपेटीपेक्षा पातळ एसएसडी काढून दाखवली. २५६ जीबी. मनातल्या मनात भागाकार करून म्हणाला, "अज्जा, तुमच्या दोन लाख फ्लॉप्या बसतील ह्यात."

"माझ्याकडे सातच आहेत," तात्या म्हणाले आणि दोरा बांधू लागले.

दुसऱ्या दुकानात मालकानं ड्राइव्ह शोभेसाठी काउंटरवर ठेवायला मागितला. तात्या पायरी उतरून गेले. तिसऱ्या दुकानातला मालक पन्नाशीचा. त्यानं ड्राइव्ह हातात घेतला, खिट्टी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळे भरले त्याचे. आपण कसे अशाच मशिनवर शिकलो, फ्लॉपीच्या कडेची खाच उघडी ठेवली तर लिहिता येई आणि चिकटपट्टी लावली की लिहिणं बंद, तर साडेतीन इंचीत नेमकं उलटं, भोक उघडं की लिहिणं बंद, हे सगळं त्यानं सांगितलं. चहा मागवला. जुने मास्तर आठवले, त्यातले दोघे वारले होते. तासाभरानं आम्ही उठलो तेव्हा दुरुस्तीचा विषय निघालाच नव्हता. जुनी वस्तू घेऊन हिंडण्यात हा एक धोका असतो: माणसं वस्तू उघडत नाहीत, स्वतः उघडतात.

विद्यानगरात इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपास पोरं बरी भेटली. तिथं १९४७ पासून बी.व्ही.बी. कॉलेज, आता केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. एका चहाच्या गाड्यावर एका विद्यार्थ्यानं डबा पाहून चक्क "पाच पॉइंट पंचवीस!" असं ओळखलं. तात्यांनी त्याच्या चहाचे पैसे दिले. तो म्हणाला, हल्लीच्या मदरबोर्डवर फ्लॉपीचा कंट्रोलरच नसतो, आणि यूएसबीला लावायचे जे तयार फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात ते साडेतीन इंचीच. पण ग्रीसवीझल नावाचं एक छोटं बोर्ड असतं, ते फ्लॉपीवरचे चुंबकी ठोके जसेच्या तसे उचलून आजच्या संगणकाला देतं. तात्यांनी 'ग्रीस' एवढंच ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. "मी म्हणतोय तेच. ग्रीस सुकलंय."

मग लॅमिंग्टन रोड. पुण्याला तात्यांचा एक मावसभाऊ आहे, त्याचा फोन आला: "अहो, जुने कॉम्प्युटर पार्ट ना? लॅमिंग्टन रोडला वाट्टेल ते मिळतं." फोन ठेवला तो तात्या उठलेच. हुबळीतही लॅमिंग्टन रोड आहे. दोन दिवस आम्ही तो चाळून काढला. कापडवाले झाले, औषधवाले झाले, चष्म्याचं दुकान झालं. लॅमिंग्टन हायस्कूलच्या फाटकावरच्या शिपायालाही तात्यांनी डबा उघडून दाखवला. तिसऱ्या दिवशी मावसभावाचा पुन्हा फोन: "ग्रँट रोड स्टेशनला उतरलात की जवळच." मुंबईचा लॅमिंग्टन रोड! दोन्ही रस्ते एकाच साहेबाच्या नावाचे, १९०३ ते १९०७ मुंबई प्रांताचा गव्हर्नर लॅमिंग्टन. धारवाड-हुबळी तेव्हा मुंबईतच. मुंबईवाल्यांनी त्याचा डॉ. भडकमकर मार्ग केला पण तोंडातून लॅमिंग्टन जात नाही. "बघ," तात्या म्हणाले, "१९५६ साली आम्हाला मुंबईतून तोडलं नसतं तर हा घोळ झाला नसता." भाषावार प्रांतरचनेवर पुष्कळांनी पुष्कळ टीका केली आहे. हा मुद्दा मी प्रथमच ऐकत होतो.

मधल्या काळात तात्यांनी स्वतःचं संशोधन चालू ठेवलं. दुर्गदबैलजवळच्या एका जुन्या टेपरेकॉर्डरवाल्याकडून त्यांनी रबरी पट्टे आणले, सहा मापांचे. ड्राइव्हची मोटार पट्ट्यावर फिरते आणि पट्टा विरघळला असणार, हे निदान. ऐंशीच्या सुमाराच्या ड्राइव्हमध्ये पट्टा असायचाही. त्यांच्या ड्राइव्हमध्ये मोटार थेट चकतीच्या आसाला. पट्टाच नाही. सहाही पट्टे घरच्या टेपरेकॉर्डरच्या पीओएचला उपयोगी पडले, आणि पंडित भीमसेन जोशी जे गेली दहा वर्षं तात्यांच्या घरी जरा खालच्या पट्टीत गात होते ते मूळ पट्टीत आले.

शेजारपाजारचे हसू लागले. कुणी म्हणालं, तात्या, सोनीनं २०११ साली फ्लॉपी बनवणं थांबवलं. तात्या त्याची वाटच बघत असतात. "अमेरिकेची अणुबॉम्बवाली क्षेपणास्त्रं २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर होती. आठ इंची! ही तर सव्वापाच. जपान सरकारनं फ्लॉपीवर अर्ज द्यायचे नियम काढले कधी? २०२४! आणि रेल्वेचं बोलायचं तर," इथं ते उभे राहतात, "सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकल गाड्यांची कंट्रोल सिस्टीम १९९८ सालची, सकाळी सुरू करताना सव्वापाच इंची फ्लॉपी घालावी लागते. बदलायचं कंत्राट परवा २०२४ ला दिलं. एकवीस कोटी वीस लाख डॉलर!" आकडे सगळे खरे. मी तपासले, कारण तात्यांचं खोटं कुठेतरी सापडावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. "इतक्या पैशांत," तात्या बसता बसता म्हणतात, "हुबळीच्या वर्कशॉपनं त्यांना ड्राइव्हचं पीओएच करून दिलं असतं. दरसाल."

शेवटी माणूस सापडला तो संगणकवाला नव्हेच. जुन्या हुबळीत, जिन्याखालच्या खोलीत, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दुरुस्त करणारा. वाहतूक कंपन्यांच्या पावत्या अजून त्या प्रिंटरवर कर्रकर्र छापल्या जातात, म्हणून त्याचं चालतं. त्यानं पेढ्यांचा डबा पाहिला, हात पुढे केला नाही. ड्राइव्ह पाहिला, मेलं म्हणाला नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बिच्ची नोडोणरी."

उघडून बघू या.

तात्या त्या स्टुलावर बसले नाहीत. देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. गेली तीस वर्षं ते जे वाक्य दुसऱ्यांना म्हणत होते ते पहिल्यांदा कुणी त्यांना म्हणालं होतं.

चार स्क्रू निघाले, वरचा पत्रा निघाला. आत हेडची गाडी, आणि ती ज्या दोन दांड्यांवरून मागेपुढे सरकते त्या दांड्यांवरचं वंगण सुकून गुळाच्या पाकासारखं झालेलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. ग्रीस! त्यानं वंगण खरवडून काढलं, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही हेडं पुसली. काडी तपकिरी आली. धारवाडच्या दमट हवेत चकत्यांना बुरशी धरते आणि ती हेडावर बसते. गाडी शून्य क्रमांकाच्या रुळावर आली हे ओळखणारा एक बारीक डोळा असतो, त्यावर मुंगीचं घर होतं. तो साफ केला. दांड्यांना नवं वंगण, थेंबभरच. तात्या म्हणाले, "जरा जास्त." तो म्हणाला, "इल्री." छत्तीस वर्षांच्या वर्कशॉपला इतक्या शांतपणे नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. तात्यांना तो फारच आवडला.

त्याच्याकडे एक जुना पेंटियम होता, फ्लॉपीच्या चौतीस तारांच्या पट्टीसकट. त्या पट्टीतल्या काही तारा मधेच पीळ घातलेल्या असतात. पिळाच्या पुढच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह 'ए' होतो आणि अलीकडचा 'बी'. तात्यांना हे रुळांच्या सांध्यासारखं वाटून फार आनंद झाला. दिवा लागला, मोटार फिरली, आणि तीस वर्षांनी ड्राइव्ह बोलला: खर्र, टक, खर्र. तात्यांनी डोळे मिटले. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली: अबॉर्ट, रिट्राय, फेल?

सोडू, पुन्हा बघू, की हरलो म्हणू. तात्यांना ह्यापैकी कुठलं बटण दाबावं असं विचारायची गरज नव्हती. रिट्रायचं 'आर' त्यांनी त्या दुपारी किती वेळा दाबलं ते मी मोजलं नाही. मधे मी खाली जाऊन गिरमिट आणि मिरची आणली, ती संपली, चहा झाला. दर काही वेळानं तो माणूस हेड पुसे, तात्या 'आर' दाबत. सहा वाजता पाचवी फ्लॉपी पूर्ण उतरली. दुरुस्तीचे त्यानं दीडशे रुपये सांगितले. तात्यांनी दोनशे दिले आणि त्याची कात्री धार लावायला घेऊन आले.

घरी फाईल उघडली तर पडद्यावर डोक्यावर टोप्या, शेपट्या आणि टिंबं घातलेली फिरंगी अक्षरं. तात्यांचा चेहरा उतरला. इथं मात्र माझी हमाली संपून विद्वत्ता सुरू झाली. जिस्ट कार्डावर टंकलेलं मराठी 'इस्की' नावाच्या सांकेतिक लिपीत साठवलेलं असतं, आजचा संगणक युनिकोड वाचतो. पण युनिकोडनं आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच उचललेली, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात करणं फार अवघड नाही. दोन रात्री लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या, काकू आणि मी बसलो आणि पाचवी शाखा मराठीत उघडली.

गदगच्या बंधूंची नोंद. जन्म, शिक्षण, विवाह. आणि पुढे: निपूत्रिक.

पू दीर्घ.

कुणी काही बोललं नाही. मी जरा वर सरकवलं. त्याच्या आधीची नोंद एका चुलतआजोबांची, जे खरोखरच मूलबाळ न होता वारले. तिथंही निपूत्रिक, पू दीर्घ. रोज रात्री एका बोटानं टंकणारा माणूस प्रत्येक नोंद नव्यानं थोडाच टंकणार? वरची नोंद उचलून खाली ठेवायची आणि नावं बदलायची. एका रात्री झोप आली असावी. कपाटातून छापील कुलवृत्तांत काढून पाहिला. पू दीर्घ. छापखान्यानं ऱ्हस्वदीर्घसुद्धा दुरुस्त केलं नव्हतं, दिलं तेच छापलं होतं. तात्यांच्या छत्रीवर, पीओएचच्या तारखेखाली, हरवली तर परत मिळावी म्हणून 'पूत्र' धरून पूर्ण नाव आहे. मी छत्रीकडे बघितलं नाही. काकूंनी बघितलं.

तात्या पाच मिनिटं पडद्याकडे पाहत होते. मग चष्मा काढून पुसला.

"अलाइनमेंट," ते म्हणाले.

"काय?"

"हेडची अलाइनमेंट गेलीय. उघडताना हललं असणार. एका रुळावरचं दुसऱ्यावर वाचतोय की."

मी समजावलं. फ्लॉपीवर दर ५१२ बाइटांच्या तुकड्याच्या शेवटी ताळा लिहिलेला असतो. वाचलेलं ताळ्याशी जुळलं तरच संगणक ते घेतो, नाहीतर चूक दाखवतो. न वाचता येणं शक्य आहे, भलतंच वाचणं जवळजवळ अशक्य. हेड हललं म्हणून 'तीन पुत्र'चं 'निपूत्रिक' होणं म्हणजे गाडी हलली म्हणून हुबळीची पाटी लोंढा वाचणं.

"लोंढ्याला गाडी हलतेच," तात्या म्हणाले.

काकू चहा ठेवायला उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "गदगच्या वहिनींना मी तेव्हाच सांगितलं होतं की ह्यांचीच चूक असणार. त्या म्हणाल्या, आम्हालाही ठाऊक आहे." मागून कळलं की दोघींचं बोलणं या एकतीस वर्षांत एक पंधरवडाही बंद नव्हतं. थोरल्याच्या लग्नात काकू जाऊन आल्या होत्या. तात्यांना त्या सोलापूरला गेल्याचं ठाऊक आहे.

तेव्हा आता अलाइनमेंट डिस्क हवी आहे. ही साधी फ्लॉपी नव्हे, कारखान्यात अचूक यंत्रावर लिहिलेली. ती ड्राइव्हमध्ये घालून हेडची तार ऑसिलोस्कोपला जोडली की पडद्यावर मांजराच्या डोळ्यांसारखे दोन आकार दिसतात, आणि ते दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. जिन्याखालच्या माणसानंच हे सांगितलं. तो तयार आहे, त्याच्याकडे डिस्क नाही. तात्यांनी डबा पुन्हा बांधला आहे, झाकणावर खडूनं 'सिक' लिहिलं आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना लिहायला घेतली आहे. तिच्यात छापखान्याला एक परिच्छेद आहे.

वाचकांपैकी कुणाकडे सव्वापाच इंची, १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हची अलाइनमेंट डिस्क पडून असेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दिसली असेल, तर माळमड्डीत येऊन कुणालाही तात्यांचं घर विचारावं. दिवसा कधीही चालेल. ऑसिलोस्कोपची सोय झाली आहे.